नव्वद मिनिटांआधी उठणारे

गेबांगरेजो, ८ सप्टेंबर

मास विनार्नो,

"संघ हरतोय म्हणून नव्वद मिनिटांआधी जो उठतो, त्याच्या हातचं पाणीसुद्धा मी पिणार नाही."

हे तू म्हणालास तेव्हा तू तेवीस वर्षांचा होतास आणि मी, तुझी धाकटी बहीण, सोळा. उत्तरेच्या स्टँडवर वरून तिसऱ्या पायरीवर आपण बसलो होतो. आपलं पेर्सेगेब चार गोलांनी मागे होतं आणि आपले सख्खे काका चप्पल शोधत घरी निघाले होते. जाता जाता त्यांनी पाण्याची बाटली तुझ्यापुढे धरली. तू घेतली नाहीस. काका हसले, सगळा स्टँड हसला, तू हसला नाहीस. ढोल तुझ्या मांडीशी होता. तू परत वाजवायला लागलास: तीन ठोके, मग थांबा, मग दोन.

काल ते आठवलं, कारण काल पंचाहत्तराव्या मिनिटाला अर्धा स्टँड उठला.

माझा नंबर तू दोन वर्षांपूर्वी बंद करून टाकलास. पोस्टमन बंद करता येत नाही, म्हणून बालिकपापानच्या पत्त्यावर हे लिहिते आहे. तेलाच्या कंपनीतल्या लोकांना पत्र वाचायला वेळ असतो की नाही मला माहीत नाही. ईदला पाठवलेले माशाचे कुरकुरीत अम्प्लांग मिळाले. तुझ्या लिंतांगने दोन दिवसांत पिशवी संपवली. मला चार मिळाले.

तीन मॅच झाल्या, तिन्ही हरलो. अकरा गोल खाल्ले, एक मारला, तोही त्यांच्याच माणसाच्या गुडघ्याला लागून आत गेला. आणि अकरा गोल खाल्ले म्हणजे तुझ्या मुलाने खाल्ले. गोलकीपरचं असंच असतं. दहा जण चुकतात आणि जाळ्यातून चेंडू काढायला एकटा वाकतो.

आपले बगळे दोन तुकड्यांत बसायला लागलेत. (छातीवर बगळ्याचं चित्र लावून फिरणाऱ्या या माणसांना मी अजून 'आपले' म्हणते. तू म्हणतोस का?) काल मॅचनंतर म्हाताऱ्या पाक रोजिकिनच्या केशकर्तनालयात भांडण झालं. मी पडदे शिवून द्यायला गेले होते, त्यामुळे सगळं ऐकलं. गॅरेजवाला यानुआर म्हणत होता की पुढच्या मॅचपासून सगळ्यांनी गेटबाहेर बसायचं, ढोल घरी ठेवायचा.

"आपण आत जाऊन गाणी म्हणतो, म्हणून क्लबच्या वरच्यांना वाटतं सगळं छान चाललंय," तो म्हणाला. "मला आशा आहे म्हणूनच मी बाहेर बसणार. ज्याला आशा नाही तो आत बसून पेंगतो."

पाक रोजिकिनने एका गिऱ्हाइकाच्या मानेवर वस्तरा धरला होता. तो तसाच ठेवून म्हणाले, "बाप आजारी असला की त्याला भेटायला तो बरा झाल्यावर जातोस का रे?"

"बाप खोकत असताना सिगारेट मागतो, तेव्हा मी आणून देत नाही, पाक."

"मग काय करतोस? दारात बसून त्याला शिव्या देतोस?"

मानेवर वस्तरा असलेला माणूस म्हणाला, "तुमचं ठरेपर्यंत मला जाऊ द्या, नाहीतर अर्ध्या दाढीत निघून जातो." सगळे हसले. शेंगा विकणाऱ्या बु तुमिनीसुद्धा.

पण हसून झाल्यावर यानुआर माझ्याकडे न बघता म्हणाला, "आणि गोलकीपरचं काय, ते पण एकदा बोलून घेऊ."

लोक काहीबाही बोलतात, मास. एकतीस ऑगस्टला आपल्या मैदानावर हरलो, तेव्हा मॅचनंतर लिंतांगने कुंपणापाशी कुणाकडून तरी तपकिरी पाकीट घेतलं म्हणे. देणारा पाहुण्यांच्या स्टँडमधला होता. कुणीतरी त्याच्या बॅगेत एक कागदही पाहिला म्हणे: नुसते आकडे आणि बाण. '९, डावीकडे. ७० नंतर.' आणि काल चौऱ्याहत्तराव्या मिनिटाला त्यांच्या नऊ नंबरच्या पोराने डावीकडूनच गोल मारला.

मी त्याला विचारलं नाही. मी भाजी वाढली, त्याने खाल्ली. ताटावरून उठताना आत्याला नेहमीसारखं "बुलिक, मिरची कमी पडली" म्हणाला. खोटं बोलणारा माणूस मिरचीबद्दल एवढा निवांत बोलेल का? की त्यासाठीच बोलेल?

तू त्याचा बाप आहेस. तुला काय वाटतं, तेवढं लिही.

निंग


गेबांगरेजो, २ ऑक्टोबर

मास,

तुझं पत्र आलं. दीड पानात तू लिहिलं आहेस की संघाच्या वाईट दिवसांत लोक तोंड सोडतात, तिकडे लक्ष देऊ नये, लिंतांग तुझं रक्त आहे. ठीक. ते मी तीनदा वाचलं. मग शेवटची ओळ चौथ्यांदा वाचली.

"त्याला सांग, पेनल्टीच्या वेळी उजवीकडे आधीच झुकू नको, मारणाऱ्याला दिसतं."

मास, पेनल्टीचं मी तुला लिहिलं नव्हतं. लिहिणार कशी? माझं पत्र आठ तारखेचं, पेनल्टी चौदा तारखेची. ही तिसऱ्या पायरीवरची लीग आहे, टीव्हीवर दाखवत नाहीत. क्लबचं एक पोरगं फोनवरून दाखवतं, आणि त्या दिवशी विसाव्या मिनिटाला त्याच्या फोनची बॅटरी गेली. पेनल्टी एकाहत्तराव्या मिनिटाला होती. वर्तमानपत्रात आलं ते एवढंच: "पेर्सेगेब पुन्हा पराभूत." तो आधी झुकला हे फक्त मैदानात बसलेल्यालाच दिसलं असणार.

कदाचित लिंतांगने तुला फोनवर सांगितलं असेल. मी त्याला विचारलं, "बाबांशी बोलतोस का रे?" तो भाताकडे बघत म्हणाला, "कधीतरी." हा मुलगा चौदा वर्षांचा असल्यापासून माझ्या घरात वाढलाय. खोटं बोलताना तो भाताकडे बघतो.

म्हणून मी अम्प्लांगची पिशवी शोधली. मी काही टाकून देत नाही हे तुला माहीत आहे. तिच्यात बटणं भरून ठेवली होती. पिशवीच्या तळाशी किमतीची चिठ्ठी आहे, अर्धी फाटलेली. 'तोको सुम्बेर, काली' एवढंच, दुकानाचं नाव आणि पत्त्याची सुरुवात, वाचता येतं. बालिकपापानमध्ये 'काली'वरून सुरू होणारं ठिकाण कुठलं असेल, याचा मी दोन दिवस विचार केला. मला एकच गाव सुचतं आणि ते समुद्रापलीकडे नाही. ते इथून बसने सव्वा तासावर आहे आणि तिथली माणसं लाल मफलर घालून आपल्याला 'चिखलातली पाखरं' म्हणतात.

मला असं सुचतं याची लाज वाटली. मी पिशवीत परत बटणं भरली.

इकडे अजून तीन मॅच झाल्या. दोन हरलो, एक बरोबरीत सुटली, तीही मैदानात पाणी साचून थांबवली म्हणून. त्या एका गुणावर पाक रोजिकिनने दिवसभर फुकट केस कापले. यानुआर म्हणाला, "पावसाला करारावर घ्या, आपल्यात तोच एक चांगला खेळतो." ढोलाचं असं ठरलंय की पहिली वीस मिनिटं गप्प ठेवायचा, मग वाजवायचा. दोघांचं मन राखायला. त्यामुळे झालंय असं की वीस मिनिटं यानुआरची माणसं पाक रोजिकिनच्या माणसांकडे बघत बसतात आणि मग उरलेला वेळ ती त्यांच्याकडे.

एका गोष्टीवर मात्र दोन्ही तुकड्यांचं एकमत आहे. हरल्यामुळे जे तुटले होते ते तुझ्या मुलावर संशय घेताना पुन्हा एकत्र बसतात, एकमेकांना सिगारेट देतात. पाक रोजिकिनच्या दुकानात आता त्यांना एक आवाज असतो. मला तो आवाज गोडही वाटतो, हे तुलाच सांगते. किती दिवसांनी सगळे एकत्र.

पेनल्टीचं तुला कुणी सांगितलं? एका ओळीत लिहिलंस तरी चालेल.

निंग


गेबांगरेजो, १३ ऑक्टोबर

मास विनार्नो,

तू एक ओळही लिहिली नाहीस. हरकत नाही. काल मी तुला पाहिलं.

पण क्रमाने सांगते, आणि मागच्या दोन पत्रांत जे लपवलं तेही सांगते.

पाच तारखेला यानुआर आणि चार पोरं मोठं बॅनर घेऊन माझ्याकडे आली. तुझ्या वेळचंच बॅनर, फक्त कड मी दोनदा बदलली आहे. हंगामाच्या सुरुवातीला गोलकीपरचं नाव त्यावर शिवायची पद्धत तूच पाडलीस: बाकीचे दहा जण अख्ख्या मैदानाचे, गोलकीपर उत्तरेच्या स्टँडचा. यंदा जुलैमध्ये लिंतांगचं नाव मीच शिवलं. सात रोमन अक्षरं, एकेक माझ्या कमरेइतकं उंच, दुहेरी टाक्याने.

"बु निंग," यानुआर म्हणाला. तो नजर वर करत नव्हता. "कालीदुरेनच्या मॅचआधी नाव उसवून द्यायचं आहे."

"ठरलं?"

"ठरलंच आहे असं समजा. एकोणीसला मॅचआधी सगळ्यांसमोर त्याला विचारू. बोलला तर बोलला. पण कापड तयार पाहिजे ना."

नाव उसवलं की काय होतं हे तुला मी सांगायला नको. मागच्या वेळी ज्याचं उसवलं, त्याला क्लबने महिन्यात काढलं आणि दुसऱ्या कुठल्या क्लबने घेतलं नाही. तो आता सेमारांगला मोबाइलची कव्हरं विकतो. त्याने खरंच काही केलं होतं का, हे आजही कुणाला ठाऊक नाही. उसवलेलं मात्र सगळ्यांना आठवतं.

मी "नाही" म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, "ठेवून जा." आणि दुसऱ्या दिवशी दुपारी, लिंतांग सरावाला गेलेला असताना, ब्लेड घेऊन बसले आणि पहिली तीन अक्षरं उसवली.

का ते सांगते. पहिल्या पत्रात मी लिहिलं, 'कुणीतरी कागद पाहिला म्हणे.' ते कुणीतरी मी होते. त्याची बॅग धुवायला काढली तेव्हा कागद सापडला. आकडे, बाण, '७० नंतर'. आणि मी तो घेऊन त्याच्याकडे गेले नाही, बु तुमिनींकडे गेले. त्यांच्या शेंगांच्या टोपलीपाशी उभी राहून म्हणाले, "हे काय असेल हो?" बु तुमिनींनी कागद उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला, आणि म्हणाल्या, "अगं बाई, हे तर ठरवून दिलेलं दिसतंय." मी "नाही हो" म्हणाले नाही. मी "मलाही तसंच वाटलं" म्हणाले. संध्याकाळपर्यंत गावात तेच.

मला नंतर कळलं की मला ते खरं असायला हवं होतं. लिंतांग चांगला गोलकीपर नाही, हे मान्य करण्यापेक्षा तो विकला गेलाय असं मानणं मला सोपं वाटलं. विकला गेलेला परत आणता येतो. नुसता कमी पडणारा असेल तर काय करायचं? आमच्या सगळ्यांचं हेच आहे, मास. संशय घेतो तेव्हा आम्ही आशाच करत असतो. कुणीतरी दगा दिला म्हणून हरलो, नाहीतर आम्ही हरणारे नव्हतो.

अकरा तारखेला पाक रोजिकिनच्या अंगणात अपशकुन जावा म्हणून पुन्हा तुम्पेंगचं जेवण घातलं. पिवळ्या भाताचा डोंगर मीच रचला. शेंडा कापून तो नेहमी गोलकीपरच्या ताटात जातो. पाक रोजिकिनने शेंडा कापला, चमच्यावर धरला. लिंतांगने ताट पुढे केलं. म्हाताऱ्याचा हात तसाच राहिला. मग त्यांनी तो शेंडा मैदानावरचं गवत कापणाऱ्या माणसाला वाढला. तो बिचारा "मला? मला का?" असं विचारत राहिला. लिंतांगने ताट हळूच मागे घेतलं आणि भाताशेजारची कोथिंबीर नीट मांडत बसला, जणू त्याला तेवढंच काम होतं.

घरी येताना मी विचारलं, "ते पाकीट कुणी दिलं तुला?"

"बुलिक, मी शब्द दिलाय."

"कुणाला?"

"तेच तर सांगायचं नाही असा शब्द दिलाय."

काल, बारा तारखेला, आपल्या मैदानावर मॅच होती. मी बु तुमिनींची टोपली मागून घेतली, डोक्यावर त्यांचीच टोपी घातली आणि शेंगा विकायला पाहुण्यांच्या स्टँडमध्ये गेले. जेमतेम साठ माणसं होती. कोपऱ्यात, आपल्या गोलच्या मागे, एक माणूस तोंडावर मास्क लावून बसला होता. मांडीवर वही. तो काहीतरी लिहायचा, मग वर बघायचा, मग लिहायचा. मला वाटलं, सापडला. हाच तो. शेंगा मोजताना माझी गल्लत झाली.

मग आपल्या स्टँडवर विसावं मिनिट झालं आणि ढोल सुरू झाला. आणि त्या माणसाचा डावा हात गुडघ्यावर वाजायला लागला. ढोलाच्या तालात नाही, यानुआरची पोरं तो ताल विसरली आहेत. गुडघ्यावर तीन ठोके, थांबा, मग दोन.

मी तुझ्यापासून दोन पायऱ्यांवर उभी होते, मास. तू किती केस पांढरे केलेस. वहीत इंग्रजी सात लिहिताना तू अजून मधे आडवी रेघ मारतोस. त्या कागदावरच्या सातालाही ती रेघ होती. ती मी दीड महिना पाहत होते आणि मला ती दिसली नाही, कारण मला दुसरंच काहीतरी दिसत होतं.

तू समोरच्या संघांचे सामने बघून त्याला लिहून देत होतास. कोण कुठल्या पायाने मारतो, सत्तर मिनिटांनंतर कोण दमून डावीकडेच जातो. पाकिटात एवढंच होतं.

मी हाक मारली नाही. माझ्या तोंडातून "शेंगा, गरम शेंगा" एवढंच निघालं. तू मान हलवून नको म्हणालास.

आणि ऐंशीव्या मिनिटाला, कुणी ओळखायच्या आत, तू वही बंद करून उठलास. आपण दोन गोलांनी मागे होतो.

हे पत्रही बालिकपापानलाच पाठवते आहे. तिथून ते तुझ्याकडे कोण पाठवतं, त्याला माझा नमस्कार सांग.

निंग


गेबांगरेजो, १७ ऑक्टोबर, शुक्रवार

मास,

हे पत्र टपालाने नाही. लिंतांगच्या हाती देते आहे. तो आज संध्याकाळी तुला भेटणार आहे हे त्याने मला सांगितलं नाही, पण सकाळपासून दोनदा भाताकडे बघितलंय.

काल मी कालीदुरेनला गेले होते. आयुष्यात पहिल्यांदा, मॅच नसताना. बसमध्ये माझ्या पिशवीवरचा बगळा मी रुमालाने झाकला. तोको सुम्बेर शोधायला वेळ लागला नाही. कोंबड्यांचं खाद्य, अंडी, बिस्किटं आणि छताला टांगलेल्या अम्प्लांगच्या पिशव्या. म्हणजे समुद्रापलीकडचा खाऊ तू स्वतःच्याच दुकानातून काढून आम्हाला पाठवत होतास! रागाच्या आधी मला हसू आलं, हे खरं सांगते.

गल्ल्यावर एक बाई होती, चेहऱ्याने शांत. तिने मला एक पिशवी काढून दिली आणि विचारलं, "दुरून आलात का?" मी म्हणाले, "नाही, जवळूनच." तिच्या मागे भिंतीवर लाल झेंडा होता, रानरेड्याच्या चित्राचा. आणि जमिनीवर पाचेक वर्षांची एक मुलगी बिस्किटाच्या रिकाम्या डब्यावर चमच्याने वाजवत बसली होती. तीन ठोके, थांबा, मग दोन.

"सारखं वाजवते," बाई म्हणाली. "बापाने शिकवलंय. डोकं उठवतात दोघं."

मी म्हणाले, "छान वाजवते." आणि बाहेर येऊन बस येईपर्यंत फुटपाथवर बसून राहिले. त्या मुलीचं नाव मी विचारलं नाही. तू सांगशील तेव्हा कळेल.

मला आता सगळं समजतं, आणि समजून जास्तच राग येतो. लिंतांगची आई गेल्यावर तू दुसरं लग्न केलंस, यात लपवण्यासारखं काय होतं? गावाने जेवण घातलं असतं. पण तू कालीदुरेनला राहतोस, तिथे लाल झेंड्याखाली दुकान मांडून बसतोस, हे बगळ्यांना कळलं तर? ढोलवाला विनार्नो रेड्यांच्या गावात! ते सांगण्यापेक्षा चौदा वर्षांचा मुलगा माझ्या दारात ठेवून 'समुद्रापार नोकरी लागली' म्हणणं तुला सोपं गेलं. मुलाला टाकल्याची लाज तुला पेलली. संघ बदलल्याची नाही. हे तूच करू जाणे. तूच काय, आमच्यातला कुणीही असंच केलं असतं, आणि मला त्याचीच भीती वाटते.

दोन वर्षांपूर्वी लिंतांगने क्लबचा करार केला त्या दिवशी तू आला नाहीस. तेव्हा मी फोनवर म्हणाले होते, "तू बाप नाहीसच. तू प्रेक्षक आहेस, तोही मधेच उठून गेलेला." त्यानंतर तू माझा नंबर बंद केलास. आणि त्यानंतरच वही घेऊन येऊन बसायला लागलास, असं लिंतांगच्या गप्प बसण्यावरून मी ताडलंय. माझं बोलणं तुला इतकं लागलं होतं हे मला माहीत नव्हतं. मी ते मागे घेत नाही. पण अर्धं मागे घेते.

बु तुमिनींना मी काल सांगितलं की कागदात काही वाईट नव्हतं. त्या म्हणाल्या, "मग कशात होतं?" पाक रोजिकिनना सांगितलं. ते आरशातून माझ्याकडे बघत म्हणाले, "निंग, तू त्याला वाढवलंस. आई असं बोलणारच." यानुआर म्हणाला, "कुणी दिला मग कागद? नाव सांगा." मी नाव सांगू शकले असते. सांगितलं नाही. लिंतांगने शब्द दिलाय तो त्याने मोडला नाही, मी कशी मोडू? आणि खरं सांगायचं तर, मी सांगून उपयोग नाही. जिने संशय सुरू केला तिच्याच तोंडून कोण खुलासा ऐकणार? म्हणतील, बाई घाबरली.

पोराला मी विचारलं, "रविवारी सगळ्यांसमोर विचारलं तर काय सांगणार?"

"काहीच नाही."

"नाव उसवतील."

"उसवू दे, बुलिक. बाबांनी येणं बंद केलं तर?"

एवढं बोलला आणि हातमोजे शिवायला माझ्यापुढे टाकले. अंगठ्याचा टाका नेहमी तिथेच तुटतो.

बॅनर माझ्या समोर आहे. उसवलेली तीन अक्षरं मी बुधवारी परत शिवली. जुन्या टाक्यांची भोकं कापडात राहिली आहेत, उजेडापुढे धरलं की दिसतात. यानुआर उद्या संध्याकाळी न्यायला येईल. त्याने पुन्हा मागितलं तर ब्लेड मी त्याच्या हातात देईन, पण मी उसवणार नाही. तो उसवेल. पंचवीस वर्षांचा, तगडा मुलगा, त्याला अर्धा तास पुरेल.

रविवारी कालीदुरेनशीच मॅच आहे. पोलिसांनी पाहुण्यांना दोनशे तिकिटं दिलीत. तुझ्या बायकोचे भाऊ येतील, तुझी गिऱ्हाइकं येतील. तू त्यांच्यातच बसणार, आपल्या गोलच्या मागे, मास्क लावून. तिथून उत्तरेचा स्टँड ऐंशी पावलांवर आहे. मधे कुंपणाला एक छोटं फाटक आहे, तिथला पोलीस पाक रोजिकिनकडे दाढी करतो, तो उघडेल. त्या ऐंशी पावलांत दोन्ही बाजूंची माणसं तुला बघतील. तिकडचे म्हणतील, हा आपला नव्हताच. इकडचे काय म्हणतील ते लिहवत नाही. दोन गावांत तुला एकही घर उरणार नाही, असं तुला वाटेल, आणि काही दिवस ते खरंही असेल. माझं घर सोडून.

तू येणार नाहीस. तू ऐंशीव्या मिनिटाला उठणारा माणूस झाला आहेस आणि मी तुझी बहीण आहे, मला ठाऊक आहे. तरी मागते.

साडेतीनला मॅच आहे, तीनला त्याला सगळ्यांसमोर उभं करतील. तू अडीचला ये. फाटकातून ये, मास्क काढून ये, वही हातात धरून ये. वरून तिसऱ्या पायरीवर मी पाण्याची बाटली ठेवलेली असेल. ती उचल, माझ्याकडे दे, मी तुझ्या हातचं पाणी पिईन. मग बस. आणि आपण कितीही गोलांनी मागे असलो तरी, मास, नव्वद मिनिटं होईपर्यंत उठू नकोस.

निंग